तीन वेळा गेलो, दार बंद

४ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार.

फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि "लाइन खराब आहे गं, पत्र टाक" म्हणून ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. एकाच शहराच्या दोन टोकांना राहून आपण पत्रं लिहितो, हे माझ्या खोलीतल्या मुलीला सांगितलं तर ती हसत सुटली. पण तुमची सुट्टी बुधवारी, माझी रविवारी. भेट व्हायची कशी?

आता बातमी. मला काम मिळालं! आरोग्य पाहणीचं. शहरात कोणाला किती ऐकू येतं ते घरोघर जाऊन तपासायचं. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पेटी. पेटीला हेडफोन लावलेत. ते कानांवर चढवले की बारीक टुक टुक आवाज येतो. ऐकू आला की बोट वर करायचं. आवाज कमी कमी होत जातो. काल साहेबांनी आमच्यावरच तपासून पाहिलं. मी शेवटपर्यंत बोट वर करत होते, तर म्हणाले, "तुझे कान मांजराचे आहेत."

घरं संगणकानं काढली आहेत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी. यादीतल्याच घरात जायचं, शेजारच्या नाही. दार बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं. तरी नाही उघडलं तर तसा शेरा लिहायचा, मगच साहेब बदली घर देणार. ज्या वॉर्डात कमी ऐकू येणारी माणसं जास्त निघतील, तिथे कानाचा दवाखाना निघणार आहे.

आणि ऐक, यादीत तुमची गल्लीसुद्धा आहे! बावीस घरं. पहिलंच घर तुझं. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी-मंगळवारी येऊ. दाजींना सांग, मेव्हणी आता सरकारी पेटी घेऊन येणार आहे, जरा मान द्या.

तुझी,
चिमी

१५ जानेवारी

प्रिय चिमे,

तुझं पत्र यांनी दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग मी एकटीनं तिसऱ्यांदा वाचलं. हे म्हणतात, मेव्हणीला मान देऊ, पण तिनं आधी माझे कान तपासून हिला सांगावं की बायकोचं बोलणं न ऐकणं हा आजार आहे, खोड नाही.

कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. आधी कोणी तयार होईना. एक म्हणाली, कागदावर सही घेतील आणि घर खाली करायला लावतील. दुसरी म्हणाली, दहा वर्षांत आमच्या दारावर मत मागायला सोडून कोणी आलं नाही, आता कान बघायला कोण येतंय? मी म्हटलं, येणारी माझी सख्खी बहीण आहे. मग तयार झाल्या.

आता अडचण अशी की तुम्ही येणार दिवसा, आणि दिवसा गल्लीत कोणी नसतं. सगळ्या कारखान्यात, कापडाच्या मागावर. म्हणून असं ठरवलंय: ते दोन दिवस मी घरी बसेन. तू आलीस की कारखान्यात जाऊन सांगेन, म्हणजे बायका दोघी-दोघी करून येतील. मुकादमानं कसंबसं मानलं, पण माग बंद ठेवायचे नाहीत म्हणाला. तर समोरच्या घरातली माझे चार माग सांभाळणार आहे, तिच्या चारांसोबत. तुला माहीत आहे ना, आठ माग म्हणजे काय ते? दिवसभर नुसतं धावणं. पण स्वतःहून म्हणाली. तिच्या आईला म्हातारपणी काहीच ऐकू येत नव्हतं. तिला धास्ती आहे.

एक विचारायचं होतं. तपासणीत काय निघालं ते कारखान्यात कळतं का? आमच्यातल्या एकीला विचारायचंय.

उत्तर लवकर टाक.

तुझी ताई

२७ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार.

नाही, कारखान्यात काही कळत नाही. नावंसुद्धा कागदावर राहत नाहीत, नुसता आकडा राहतो. त्या तुझ्या मैत्रिणीला सांग, निर्धास्त राहा.

माझ्या कामाचं म्हणशील तर पायांचे तुकडे पडलेत. माझ्या वाट्याला तुमच्या वॉर्डातली चारशे घरं आहेत आणि आजवर शंभरही उघडली नाहीत. उंच इमारतींत रखवालदारच फाटकावरून परत पाठवतो. साहेबलोकांना वेळ नसतो म्हणे. गरीब वस्तीत जावं तर सगळे कामावर, कुलुपं लोंबकळताहेत. जो भेटतो तो विचारतो, "यातून आम्हाला काय मिळणार?" खरं सांगायचं तर याचं उत्तर मला पाठ करायला दिलेलं आहे, मनापासूनचं येत नाही.

दार उघडतात ते फक्त निवृत्त शिक्षकांच्या वसाहतीतले. तिथे आधी पाणी, मग चहा, मग मुलांचे फोटो. एक आजोबा तर दोनदा तपासून घ्यायला तयार होते. त्यांचे कान छान आहेत हो. आयुष्य शांत वर्गात काढलं.

साहेब रोज विचारतात, "आज किती?" यादी बंद होईपर्यंत आकडा पुरा नाही झाला तर आमच्या जोडीचं काम दुसऱ्यांना देणार म्हणाले. माझी जोडीदारीण चांगल्या घरची आहे, चष्मेवाली. ती हे हौसेनं करते. मला हौस परवडत नाही.

तुम्ही फार तयारी करू नका गं. समोरच्या मावशींना आठ माग वगैरे नको. जमेल तसं येऊ.

तुझी,
चिमी

१२ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

सोमवार गेला, मंगळवार गेला. तुझी तब्येत बरी आहे ना?

मी दोन्ही दिवस घरीच होते. उंबरा धुतला, खुर्ची शेजारणीकडून आणून ठेवली. संध्याकाळी समोरची आली तेव्हा तिच्या पायांना सूज होती. नुसती खुर्चीकडे बघून गेली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

मी सगळ्यांना सांगितलं, मोठ्या कामात असं मागंपुढं होतं. नवी तारीख कळव.

तुझी ताई

१८ फेब्रुवारी

ती. ताईस,

अगं, मी आले होते. सोमवारी दोनदा आणि मंगळवारी एकदा. तुझं दार पहिलं वाजवलं, मग पुढची. एकही उघडलं नाही. नियम तीन वेळांचाच आहे, म्हणून तसा शेरा लिहून पुढे जावं लागलं. आता यादी बंद झाली. मला वाटलं तुम्हाला ऐनवेळी सुट्टी मिळाली नसेल.

वाईट वाटून घेऊ नकोस. घाईत लिहिते आहे.

चिमी

१ मार्च

प्रिय चिमे,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. रोज लिहायला बसते आणि उठते. आज लिहून टाकतेच.

चूक माझी आहे. तू आलीस आणि मला ऐकूच आलं नाही.

जिच्याबद्दल विचारलं होतं ती मैत्रीण मीच. तीन-चार वर्षं झाली. आधी उजवा कान गेला, आता डाव्यातही नुसता मागांचा खडखडाट राहिलाय, घरी असले तरी. फोनची लाइन कधीच खराब नव्हती गं. तुझं बोलणं मला कळत नव्हतं आणि "काय? काय?" करायची लाज वाटायची. कारखान्यात कळलं नाही, कारण तिथे कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. सगळा कारभार हातवाऱ्यांवर आणि ओठांवर. यांना थोडं ठाऊक आहे. बाकी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दोन्ही दिवशी मी दाराकडे पाठ करून धान्य निवडत बसले होते. दार पुढं केलेलं होतं, कडी नव्हती, म्हणून वाटलं तू ढकलून येशील. पण तुला सरकारी नियम असणार. एवढी बहीण दारात उभी राहून गेली आणि मी खडे वेचत बसले.

काल सगळ्यांना खरं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत उभी राहिले आणि म्हटलं, ती आली होती, मी बहिरी आहे, माझ्यामुळे तुमची संधी गेली. समोरचीची क्षमा मागितली. तिनं माझा हात धरला. तेवढ्यानं मला जरा हलकं वाटलं. पण मुकादम मागेच उभा होता, ते मला कसं कळणार?

तुझ्यावर राग नाही. तूही माझ्यावर धरू नकोस.

तुझी ताई

२० मार्च

प्रिय चिमे,

तुझं पत्र नाही. रागावलीस का?

इथलं सांगते. मुकादमानं मला मागावरून काढून कांड्यांवर सूत भरायला बसवलं. म्हणतो, मागातला धोटा निसटून उडाला आणि कोणी ओरडलं तर तुला कळायचं नाही, माझ्या डोक्याला ताप. त्याचंही अगदीच खोटं नाही. बावीस वर्षांनी पुन्हा पोरींच्या रांगेत बसलेय. त्या मला "आजी, इकडे बघा" म्हणतात. मी आजी दिसते का गं?

यांनी परवा वर्तमानपत्रातली बातमी दाखवली. तुमच्या पाहणीचा अहवाल आलाय. आमच्या वॉर्डात शंभरात फक्त सहा जणांना कमी ऐकू येतं, सगळ्या शहरात सगळ्यात चांगले कान आमचे. म्हणून कानाचा दवाखाना दुसरीकडे जाणार. यांनी ती बातमी कारखान्याच्या फाटकावर वाचून दाखवली तर बायका हसून हसून पडल्या. समोरची सोडून.

मी एक दार उघडलं असतं तर बरं झालं असतं.

तुझी ताई

२६ मार्च

ताई,

नमस्कार लिहायचीही मला लाज वाटते.

तू धान्य निवडत होतीस, दाराकडे पाठ होती, तरी काही चुकलं नाही. दार कोणी वाजवलंच नाही. मी आले नव्हते.

सोमवारी अकराच्या सुमारास आम्ही तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. मागांचा आवाज सुरू होता. चष्मेवालीनं नाकाला रुमाल लावला आणि म्हणाली, "बाई गं, इथे माणसं राहतात?" आणि ताई, मी हसले. तिच्या बरोबरीनं हसले.

हे सांगायचं कारण, तिला मी पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं की माझ्या ताईचा कापडाचा व्यवसाय आहे. दाजी मोठ्या कंपनीत आहेत. तिच्या घरी मी जेवले आहे, तिच्या आईपुढे हेच बोलले आहे. आता पहिलंच दार तुझं. तू बाहेर येणार, केसांत कापसाची कुसं, मला "चिमे" म्हणून जवळ घेणार, आणि ही बघणार. मला ते डोळ्यांपुढे दिसलं आणि पाय उचलेना. मी म्हटलं, "ही गल्ली दिवसा बंदच असते. मला माहीत आहे." ती बिचारी म्हणाली, "मग शेरा खरा लिहू ना?" मी म्हटलं, "नको, मीच लिहिते. तीन वेळा गेलो, दार बंद." नाक्यावरच्या चहाच्या दुकानात बसून आम्ही बावीस ओळी भरल्या. बावीसही वेळा तेच. अक्षर माझं. त्या बदल्यात साहेबांनी शिक्षकांच्या वसाहतीतली बावीस घरं दिली. दोन दिवसांत झाली. शाबासकी मिळाली.

तो सहाचा आकडा असा आला आहे. तुमच्या वॉर्डाचे म्हणून जे कान मोजले, ते जवळजवळ सगळे त्या वसाहतीतले आहेत.

तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. वाटलं, बंद दाराला कोण दोष देणार? तू स्वतःला दिलास. तुझं १ मार्चचं पत्र मी उशाशी घेऊन बसले आणि तरीही गप्प राहिले. तीन आठवडे. तुला मागावरून काढलं तेव्हाही मी इथे नवीन वॉर्डाच्या याद्या लावत होते.

पंधराव्या वर्षी तू मागावर गेलीस म्हणून मी शाळेत राहिले. साहेबांनी माझ्या कानांचं कौतुक केलं तेव्हा मला हे आठवायला हवं होतं.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायचं तोंड नाही मला.

चिमी

१९ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. तरी जे घडलं ते सांगते.

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "अहवाल छापून झालाय. बावीस घरांनी काय आभाळ कोसळतंय? सगळेच थोडंफार करतात. गप्प बस आणि पुढचं काम घे." मी दोन दिवस गप्प बसलेसुद्धा. तेही लपवत नाही.

मग वरच्या मजल्यावर गेले. तिथे आकडेवारी बघणाऱ्या एक बाई आहेत. पांढरे केस, बोलणं तुटक. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी चारशे घरांची यादी काढली, शिसपेन्सिलीनं खुणा करत गेल्या आणि मला शेजारी बसवून दाखवलं. चारशेपैकी दोनशे सत्तर घरं उघडलीच नाहीत. जी उघडली ती सगळी एका तऱ्हेची, शिकलेली, वेळ असणारी, घरात निवांत बसणारी. म्हणाल्या, "ज्यांचे कान गेलेत ते कामावर होते. म्हणून आकडा चांगला आला. यात तुझी एकटीची चूक नाही, आमचीही आहे. पण ही बावीस तुझी."

मी लेखी दिलं. सही केली. चष्मेवालीलाही सगळं सांगितलं, कापडाच्या व्यवसायासकट. तिनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "मी त्या दिवशी जे बोलले ते तुझ्या ताईच्या कानावर घालू नकोस." मी म्हटलं, घातलं.

बाईंनी तुमच्या वॉर्डाचा आकडा तूर्त मागे घ्यायला लावलाय. बावीस घरं पुन्हा तपासायची आहेत. पेटी त्या स्वतः घेऊन येणार. माझ्या हातात देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मी फक्त दारं वाजवायची आणि प्रत्येक दारात खरं काय झालं ते सांगायचं, ही त्यांची अट. त्यानंतर माझं काम संपलं.

तुमच्या सुट्टीच्या बुधवारी, २९ तारखेला येऊ का? तू नाही म्हणालीस तर तुझं दार सोडून बाकीची वाजवीन.

चिमी

२४ एप्रिल

चिमे,

ये.

मी कोणाला काही सांगितलेलं नाही. एकदा तुझ्यासाठी उभी राहून बोलले, आता तू बोल.

ताई

६ मे

प्रिय चिमे,

तू गेल्यावर बायका दोन दिवस तेच बोलत होत्या, म्हणून लिहायला उशीर झाला. ओठ वाचून वाचून डोळे दुखले.

बावीसपैकी नऊ दारं उघडली. तुला कमी वाटली असतील. मला जास्त वाटली. तू प्रत्येक दारात तेच सांगत होतीस, मान खाली घालून. मान खाली घातलीस की मला तुझे ओठ दिसत नव्हते, म्हणून माझ्या दारात मी तुझी हनुवटी वर केली. तू समजलीस मी माया केली. तसं नव्हतं. मला तुझ्या तोंडून ते बघायचं होतं.

पत्रात तू माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. मी अजून दिली नसती.

तुझ्या बाई चांगल्या आहेत. माझ्याशी तोंड समोर ठेवून, सावकाश बोलल्या. हेडफोन लावले आणि मी किती वेळ बसून राहिले, वाटलं पेटी अजून सुरूच केली नाही. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. नऊ जणींत सात जणींचं तसंच निघालं. सात! दोघी तर माझ्याहून दहा-दहा वर्षांनी लहान आहेत. मी इतकी वर्षं समजत होते की मी एकटी लपवतेय. एकमेकींसमोर उभ्या राहून आम्ही सगळ्या तेच लपवत होतो.

मुकादमाला कळलं आहे. आता तो डोकं खाजवतोय, सातही जणींना कांड्यांवर बसवलं तर माग काय त्याची सासू चालवणार? सोमवारी मला म्हणाला, "चल, तुझे चार घे." समोर आरसा लावून देणार म्हणतो, मागून कोणी आलं तर दिसावं म्हणून. देईल तेव्हा खरं.

दवाखान्याचं काही कळलं नाही. बाई म्हणाल्या, नऊ घरांवर लगेच काही होत नाही, बाकीच्या बंद घरांकडेही संध्याकाळी माणसं पाठवायला भांडीन. भांडू देत. तुझं काम गेलं ते त्यांनीही सांगितलं. दुसरं बघशीलच. यांच्याशी बोलायची हिंमत झाली नाही तुझी, पण हे म्हणाले, घरी येऊन जेवून जात जा म्हणावं. माझं विचारशील तर लगेच नको. पावसाळ्यानंतर बघू.

आता समोरचीचं. तिचं दार तू किती वेळ वाजवलंस ते मी खिडकीतून बघत होते. ती आत होती. तिला चांगलं ऐकू येतं, निदान तेवढं तरी. तू बंद दाराशी सगळं बोललीस, बाई पेटी घेऊन मागे उभ्या, आणि मग तुम्ही निघालात.

तुम्ही वळल्यावर तिनं दार उघडलं आणि सरळ माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. मला नीट कळावं म्हणून अगदी सावकाश बोलली. "ही तीच का? तुझी सख्खी बहीण?"

खोटं कशाला सांगू चिमे, मला तुझी लाज वाटली. गल्लीभर बायका बघत होत्या. पण मी हो म्हटलं.

तुझी ताई